एमडीएसची शाखा ठरवताना मी काय तपासलं

नीट-एमडीएसचा, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सगळे एकच विचारतात, ‘या रँकला काय मिळेल?’ मी तो प्रश्न शेवटी ठेवला. शाखेचा निर्णय इंटर्नशिपमध्येच उरकला. तिथे सर्जरी आणि प्रोस्थोला (कवळ्या, कृत्रिम दात) दीड-दीड महिना. ओरल मेडिसिन, पेरिओ (हिरड्या), कॉन्स (दात भरणं, रूट कॅनाल), ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं) आणि पेडोला (लहान मुलांचे दात) एकेक महिना. ओरल पॅथॉलॉजीला १५ दिवस, कम्युनिटीला (म्हणजे पब्लिक हेल्थला) ३ महिने. उरलेले १५ दिवस आपल्या पसंतीच्या विभागाचे. बरेच जण ते अभ्यासाची सुट्टी म्हणून घालवतात. मला ते दोन शाखांमधला घोळ सोडवायला लागले.

प्रत्येक पोस्टिंगमध्ये वहीत एकच गोष्ट टिपली: इथलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, आणि ते रोज करवेल का?

प्रोस्थोत ते लॅबचं काम. पूर्ण कवळीला साधारण पाच भेटी लागतात: पहिलं माप, बॉर्डर मोल्डिंगसह (कडांचा आकार घेऊन) पक्कं माप, जॉ रिलेशन (दोन जबड्यांचं एकमेकांशी नातं नोंदवणं), मेणावरची ट्रायल आणि कवळी बसवणं. मधल्या दिवसांत मेण, प्लास्टर, दात मांडणं. जॉ रिलेशन चुकलं की ट्रायलला दात नीट मिटत नाहीत. तिथे डोळेझाक केली तर आजोबा ‘टोचतंय’ म्हणत येत राहतात, आणि मग कितीही घासून दिलं तरी मूळ चूक तशीच राहते.

एण्डोत, म्हणजे कॉन्समधल्या रूट कॅनालच्या (आरसीटी) कामात, पाठ आणि मान पणाला लागते. वरच्या पहिल्या दाढेतला एमबी-टू नावाचा कालवा (मुळातली बारीक नळी) शोधण्यात अर्धा तास सहज जातो. तो सुटला तर आरसीटी करूनही दुखणं थांबेलच असं नाही. अरुंद, वाकड्या कालव्यात जोर लावला की फाईल (कालवा साफ करायची बारीक सुई) तुटते. ज्यांना हे कोडं वाटतं त्यांनी एण्डो घ्यावं, ज्यांना छळ वाटतो त्यांनी नको.

ऑर्थोत हिशेब वेळेचा. एक केस बहुधा १८ ते २४ महिने चालते आणि कोर्स ३ वर्षांचा, म्हणून केसेस पहिल्या वर्षीच सुरू व्हाव्या लागतात. पुण्यात शिकायला किंवा आयटीत नोकरीला आलेला पेशंट मध्येच शहर सोडतो, आणि परीक्षेला दाखवायची केस अर्धवट राहते. केस घेताना ‘दोन वर्षं इथेच आहात ना?’ हे विचारायचंच.

सर्जरीत दुचाकीवरून पडून जबडा मोडलेले पेशंट रात्री येतात. ज्या कॉलेजला जोडलेलं मोठं रुग्णालय नाही, तिथे ते येतच नाहीत. पेडोत मुलापेक्षा पालकांना सांभाळणं अवघड. ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थ ‘उरलं म्हणून’ घेऊ नये. स्लाईड आणि आकडेवारी यांत रमणाऱ्याला त्या चांगल्या आहेत, पण क्लिनिक टाकायचं स्वप्न असेल तर पुढे चिडचिड होते.

मग विभाग पाहिले. विभागप्रमुखांना नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या पीजी विद्यार्थ्यांना विचारलं: दिवसाला स्वतःचे पेशंट किती? मायक्रोस्कोप वापरात आहे की कव्हरखाली? पहिल्या वर्षी नुसतं असिस्ट करावं लागतं का? सिनॉप्सिसचा (प्रबंधाच्या आराखड्याचा) विषय आपण निवडतो की हातात दिला जातो? सोमवारी सकाळी ओपीडीत तासभर बसलं की निम्मी उत्तरं न विचारता मिळतात.

पुण्यातल्या कॉलेजांत प्रवेशाच्या वाटा दोन. भारती विद्यापीठ आणि डॉ. डी. वाय. पाटील डीम्ड (अभिमत विद्यापीठं), म्हणून तिथल्या जागा केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून (एमसीसी). रंगूनवाला आणि सिंहगडसाठी राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा कक्ष). नोंदणी दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते. डीम्डची अनामत सरकारी कोट्यापेक्षा कितीतरी मोठी असते, ती आधीच बाजूला ठेवायची.

पसंतीक्रम भरताना ‘ही मिळेलच’ म्हणून सोपी जागा वर टाकायची नाही. यादी वरून खाली तपासली जाते आणि मिळणारी पहिली जागा लागते, त्यामुळे खालच्या आवडत्या पर्यायापर्यंत गाडी पोचतच नाही. खरी फसगत अपग्रेडमध्ये होते. दुसऱ्या फेरीत नवी जागा लागली की पहिली आपोआप जाते. म्हणून त्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस असलेलेच पर्याय ठेवले. ते तीनच निघाले.