जुळ्यांचा हिशोब

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजेसासूबाईंना आठ मुलं, मला एक. काकू म्हणतात, “तुम्हा हल्लीच्या मुलींना झेपतच नाही गं.” गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1960 मध्ये याचाच हिशोब मांडला: एकेका मुलावर जास्त खर्च करायचा, तर मुलं कमी. पण मुलं थोडी म्हणून शिकवणं जमतं, की शिकवायचं म्हणून थोडी? दोन्ही आईबापच ठरवतात. कारण सुटं करायचं कसं? रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन या अर्थशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये भारतातल्या ग्रामीण कुटुंबांतली जुळी पाहिली. जुळं काही ठरवून होत नाही, एक मूल आईबापांनी न ठरवताच वाढतं! त्या घरांत मुलांचं शिक्षण मागे पडलेलं दिसलं. मला ही युक्ती भलतीच आवडते. काकूंना सांगितली, तर म्हणाल्या, “आणि त्या जुळ्यांना रात्री कोण उठून घेत होतं, ते विचारलं का त्यांनी?”