बीचच्या खोडावरचा कापूस

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात बीच (beech) या जंगली जातीची तीन मोठी झाडं होती. राखाडी, गुळगुळीत खोडं, हात फिरवत राहावा अशी. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मधल्या झाडावर पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. बागेचं काम करणाऱ्या माणसानं ‘बुरशी’ म्हणून बुरशीनाशक मारलं. कापूस होता तसाच राहिला.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर खोड दाखवलं. त्यांची तासगावला द्राक्षबाग आहे. ते लगेच म्हणाले, “आरं, ही बुरशी न्हाई. पिठ्या ढेकणाच्या जातीतली कीड दिसती. साल सोल आन् खोड धू.” द्राक्षवेलीची वाळकी साल सुटून येते आणि पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या मेणानं झाकलेला, रस शोषणारा किडा, तिच्याखालीच दडतो, म्हणून बागेत खोडं सोलतात. बीचची साल मात्र पातळ आणि जिवंत. ती सोलली असती तर झाडाला जखमच झाली असती. सुदैवाने आधी झाडांच्या डॉक्टर बाईंना बोलावलं.

त्यांनी भिंग दिलं. मेणाच्या लोकरीखाली मिलिमीटरभराचे पिवळे जीव होते. ही बीचवरची खवले कीड. तिच्यात नर नसतातच, माद्याच माद्या. एकदा सोंड सालीत रुतवली की जागची हलत नाही. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं तेवढी चालतात आणि वाऱ्यावर पसरतात. १८९० च्या सुमारास ती युरोपातून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आली आणि तिथून पसरत गेली. झाड मरतं ते मात्र सहसा तिच्यामुळे नाही. तिनं टोचून दुबळ्या केलेल्या सालीतून निओनेक्ट्रिया नावाची बुरशी आत शिरते आणि आतली साल मारत जाते. म्हणजे बुरशी खरीच होती, फक्त ती नंतर येणारी होती.

मधल्या झाडावर बाईंनी बारीक लाल दाण्यांचे पुंजके दाखवले. बुरशी बसली होती. असं झाड वरून हिरवं दिसतं आणि वादळात मधोमध मोडतं. ते घराकडे झुकलेलं, म्हणून पाडावं लागलं. लाकूड तिथेच ठेवलं. सरपणाबरोबर कीड दुसऱ्या रानात नेणं मला पटेना.

दुसऱ्या झाडावर कीड होती, लाल दाणे नव्हते. दोन शनिवार मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानं, शिडी लावून हात पोचेल तिथवर खोड घासलं. पानं गळल्यावर बाईंनी बागायती तेल, म्हणजे कीड गुदमरवणारं पातळ तेल, फवारलं. आता दर शरदात घासतो. जंगलभर हे कोण करणार, हा विचार दर वेळी येतो. तिथली अस्वलं बीचच्या बियांवर हिवाळ्यासाठी चरबी साठवतात.

तिसऱ्या झाडावर एकही ठिपका नाही. शंभरात एखादंच झाड असं उपजत दाद न देणारं निघतं, असं बाई म्हणाल्या. गेल्या वर्षी त्याच्या तिकोनी बिया वेचल्या, ओल्या वाळूत घालून हिवाळाभर फ्रीजमध्ये ठेवल्या. सहा रुजल्या आहेत. पाडलेल्या झाडाच्या मुळांतूनही फुटवे आलेत, पण ते त्याच झाडाचे, तितकेच दुबळे. ते मी काढून टाकतो आणि कुंड्यांना पाणी घालतो.