बोगनवेलीचं पाणी तोडलं

मोर्शी तालुक्यातल्या या घरात लग्न होऊन आले तेव्हा अंगणात तुळस, एक कडुनिंब आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ एवढंच होतं. हौस माझी. माहेरी अकोल्यात सगळं कुंड्यांत, जमिनीत झाड लावायचा अनुभव शून्य.

पहिल्या पावसाळ्यात अनंत आणला. नर्सरीवाल्यानं सांगितलं तसा दोन फूट खड्डा खणून त्यात लाल माती आणि शेणखत भरलं. पण आमची जमीन भरकाळी. चार दिवस झड लागली आणि खड्ड्याचं टाकं झालं. अनंतानं मान टाकली. दुसरा उंचवटा करून, मुरूम घालून लावला. तो जगला, पण पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पान उलटून पाहिलं. "हे तं आपल्या संत्र्यासारखंच झालं." चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही. तेव्हापासून रोप आणायच्या आधी मी मामाजींना विचारते.

कुंपणाला कण्हेर लावायची होती. बकऱ्या तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यातही फुलते. मामाजींनी साफ नाही म्हटलं. आमचं कुंपण कुटाराच्या, म्हणजे बैलांच्या वाळल्या चाऱ्याच्या, ढिगाला लागून आहे. कण्हेरीचं पान वाळलं तरी त्यातलं विष जात नाही, आणि कुटारात मिसळलेलं पान बैल थोडीच निवडून बाजूला काढणार! मग बोगनवेल आली.

तिचे मी लाड केले. रोज बादलीभर पाणी, वरून शेणखत. दोन वर्षांत गोठ्याच्या टिनावर चढली. काटे भरपूर, फूल एकही नाही. डिसेंबरात मामाजी संत्र्याच्या बागेचं पाणी तोडून घरी आले (आम्ही आंबिया बहार, म्हणजे फेब्रुवारीत फुटणारा, घेतो), तर मी नळी धरून उभी.

"पोरी, बंद कर ते. ताण देल्याबिगर बहार येते काय कधी?"

संत्र्याचं असं असतं की थंडीत पाणी तोडलं की वाढ थांबते आणि साठलेलं अन्न नव्या पालवीत न जाता फुलाच्या कामी येतं. जानेवारीत पाणी सोडलं की फेब्रुवारीत बहार फुटतो. भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून ताणही हलक्या जमिनीपेक्षा जास्त दिवस द्यावा लागतो. वेलीला दीड महिना पाणी द्यायचं नाही असं ठरलं. पानं गळायला लागली तेव्हा एका रात्री मी चोरून तांब्याभर घातलंच. मामाजींना अजून माहीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी टिन दिसेनासं झालं. सगळा राणी रंग! तो रंग पानांचा, खरं फूल आत असतं, बारीक पांढरं.

पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालती सोडली आहे, दुपारी भिंत तापत नाही. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दोन-तीन दिवसांत लाल होतात.

झाडाच्या बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. मामाजींना सावलीसाठी गुलमोहर हवा होता. पण एका अवकाळी वादळात शेजारच्या गुलमोहराची फांदी गोठ्यावर पडलेली मी पाहिली होती, म्हणून हट्टानं बहावा लावला. चौथं वर्ष आहे. माझ्या खांद्याएवढा झालाय. परवा नवतपाच्या उन्हात मामाजी त्याच्याजवळ खुर्ची घेऊन गेले, सावली कुठं पडते ते पाहिलं, आणि खुर्ची उचलून परत कडुनिंबाखाली आणली.