सत्तरीतली स्मिता

मंगळवार, रात्री उशिरा

मुग्धानं दुपारी एक फोटो पाठवला. खाली लिहिलंय, 'मावशी, सत्तरीची स्मिता पाटील! एआयनं केलीय. तुला आवडेल म्हणून.' पुढे दोन बदाम.

फोटोत चंदेरी केसांची एक बाई आहे. हातमागाची साडी, ठसठशीत कुंकू, गाल तुकतुकीत. सुरकुत्या आहेत, पण मोजून, शोभतील तेवढ्याच. पेन्शन योजनांच्या जाहिरातीत नवऱ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या आज्या असतात ना, तशी. मी फोन पालथा घातला आणि मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाल्यावर लक्षात आलं की आपण चिडलोय. आणि चांगल्याच.

कुणावर, ते मात्र सांगता येईना. मुग्धानं प्रेमानंच पाठवलाय. आणि जी बाई जाऊन इतकी वर्षं झाली तिच्यावर चिडून काय उपयोग.

लिहूनच टाकते. तो चेहरा पुढे कसा होतो ते मला माहीत आहे. गालाची हाडं वर असली की पंचविशीत सगळे वळून बघतात. पन्नाशीनंतर त्याच हाडांखाली खळगा पडतो. मोठे डोळे आत जातात आणि भोवती काळं धरतं. रुंद जिवणीच्या दोन्ही बाजूंनी रेघा उतरतात, मग गप्प बसलं तरी लोक विचारतात, 'काय हो, बरं नाही का?' सावळ्या रंगावर वांग उठतात ते वेगळेच. हे त्या यंत्राला कुठून कळणार? त्याला मिळाले असतील ते एकतिसाव्या वर्षापर्यंतचे फोटो. पुढचे माझ्याकडे आहेत.

मी काही स्वतःहून म्हणायला गेले नव्हते तिच्यासारखी दिसते म्हणून. दादरला आत्याकडे शिकायला होते तेव्हा मजल्यावर एकच टीव्ही होता, परचुऱ्यांचा. संध्याकाळी अर्धी चाळ त्यांच्या फरशीवर. त्यावर स्मिता मराठी बातम्या द्यायची. आमच्याच वयाची पोर, पण काय ते बसणं, काय तो आवाज! घाईच्या दिवशी जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हे किती तरी वर्षांनी वाचलं. आम्हाला आपलं टेबलाच्या वरचं तेवढं दिसायचं. एकदा परचुरेकाकू बातम्या सोडून माझ्याकडेच बघत बसल्या आणि म्हणाल्या, 'अगो, ही तर आपल्या घरातच आहे की!' तोवर माझ्या रंगाचा विषय निघाला की साय-हळद नाही तर डाळीचं पीठ यांच्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. त्या दिवशी मी आत्याच्या कपाटाच्या आरशासमोर किती वेळ होते ते विचारू नये.

दिग्दर्शक श्याम बेनेगलांनीही तिला टीव्हीवरच हेरली. मग 1975 मध्ये 'निशांत', पाठोपाठ 'मंथन', 1977 मध्ये 'भूमिका'. त्याच वर्षी आपल्याकडे 'जैत रे जैत'. त्यातली तिची चिंधी पाहून आलो त्या रात्री आत्येबहीण मला म्हणाली, तू पण केसात फुलं माळ बघू. मी माळली. पण तिनं जे अंगाखांद्यावर सहज वागवलं होतं, ते मला पोलक्याच्या बाह्यांतही जमेना.

'भूमिका'मुळे माझं एक स्थळ गेलं. म्हणजे मी तसंच धरून चालते. बघायला आलेल्यांतल्या मामी म्हणाल्या, 'अगदी भूमिकातल्या बाईसारखी आहे हो मुलगी.' आईला हे कौतुक की खोच तेच कळेना. हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा तो सिनेमा, त्यातली उषा एका घरातून दुसऱ्या घरात आणि कुठेच ठरत नाही. असली सून कोण करून घेणार? पोहे खाऊन गेले ते गेलेच. ह्यांनी 'भूमिका' पाहिलाच नव्हता, म्हणून लग्न झालं.

1986 च्या डिसेंबरचं फार लिहीत नाही. 28 नोव्हेंबरला तिला मुलगा झाला आणि 13 डिसेंबरला ती गेली. बाळंतपणानंतरच्या दुखण्यात, मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात, पद्मश्री मिळाल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. आमचा निनाद तेव्हा दुपट्यात होता. मला संध्याकाळची कणकण यायची. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीचा पेपर गादीखाली सारला, आणि तो मला चादर बदलताना सापडला. असो.

तर, तेव्हापासून ती एकतीसची. 'मिर्च मसाला' तर ती गेल्यावर 1987 मध्ये लागला. हातात विळा घेऊन उभी, डोळ्यांत तोच जाळ. 2013 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, त्यावरही तरुणच. मी चाळिशीची झाले, गुडघे गेले, दात बसवले. कुणी जुना अल्बम उघडला की, 'अय्या, मावशी, अगदी स्मिता पाटील होतीस गं!' आणि मग एक नजर अल्बमवर, एक माझ्यावर. ती दुसरी नजर फार वाईट. जणू मी कुणाची तरी ठेव घेतली आणि नीट सांभाळली नाही. ती गेली आणि अमर झाली, त्यात तिचा काय दोष. पण तो चेहरा पुढे ओढायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, ते कुणी विचारतं का? तिच्या पुण्यतिथीला लेख येतात. माझ्या चेहऱ्याच्या वाट्याला सूर्यफुलाचं तेल.

इथवर लिहिलं आणि मन भरेना, म्हणून रात्री नाशिकला वन्संना फोन लावला. मला वाटलं, समजून घेतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतात कशा, 'अगं, मला पण म्हणायचे की! रुईयात असताना. पोरं जिन्यात गाणी म्हणायची.'

वन्संना! त्यांचं नाक पाहता कुणाला हे सुचावं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढे म्हणाल्या, त्यांच्या बँकेतल्या कुलकर्णीबाईंनाही म्हणायचे. त्यांच्या मोलकरणीच्या आईलासुद्धा. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत होते. म्हणजे त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या घरटी एका सावळ्या पोरीला कुणी ना कुणी हे म्हणालंच असणार. मोठे डोळे आणि रंग कमी, की झाली स्मिता पाटील!

आणि खरं सांगायचं तर तिची किमया तीच होती. 'मंथन'च्या शूटिंगची गोष्ट सांगतात. ती तिथल्या बायकांत त्यांच्यासारखीच बसलेली असायची आणि बघायला आलेले लोक विचारायचे, हिरॉईन कुठाय? पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला तो सिनेमा. त्यातली बाई त्यांना परकी वाटून कसं चाललं असतं. 'चक्र'मध्ये झोपडपट्टीत, 'उंबरठा'त महिलाश्रमाच्या ऑफिसात, 'नमक हलाल'मध्ये बच्चनबरोबर पावसात (ते तिला फारसं रुचलं नव्हतं म्हणतात, मला मात्र भारी आवडलं होतं). सगळीकडे वाटायचं, हिला आपण कुठे तरी पाहिलंय. पाहिलेलंच असायचं. बसस्टॉपवर.

म्हातारी व्हायला तर ती घाबरतच नव्हती. 'भूमिका'त एकवीस-बाविसाव्या वर्षी सोळापासून पोक्तपणापर्यंत सगळं करून मोकळी झाली. 'आखिर क्यों'मध्ये लग्नाच्या मुलीची आई झाली, तेव्हा स्वतः तिशीचीही नव्हती. शबाना अजून कामं करते, पांढऱ्या केसांनी करते, छान करते. तिला पाहिलं की दर वेळी माझ्या मनात एक शेजारची खुर्ची येते. मग मी चॅनल बदलते. दोघींची तुलना करून भांडणारे तेव्हाही खूप होते, आमच्या स्टाफरूममध्ये तर दोन तट होते; मी कुठल्या तटात असणार ते उघड आहे.

'मंथन' नव्यानं साफसूफ करून 2024 मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला, तेव्हा तिचा मुलगा प्रतीक गेला होता. आता तर तो नावच 'प्रतीक स्मिता पाटील' असं लावतो. पेपरात ते वाचल्यावर निनादला फोन करावासा वाटला होता. काय बोलणार, म्हणून राहिलं.

मुग्धाला उत्तर अजून दिलेलं नाही. 'छान आहे' एवढंच लिहीन. वांगांबद्दल वगैरे तिला कशाला सांगा, तिला होतील तेव्हा कळेल. गालाची हाडं आमचीच आहेत.

पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याचं मात्र काल झालं एकदाचं. निनादनं मोबाइलवर घरच्या घरी करून द्यायचं ठरवलं होतं. गोलात चेहरा धरा, डोळे मिचकावा, परत मिचकावा. चष्मा काढून, खिडकीशी बसून, ट्यूब लावून, सगळं करून पाहिलं. चेहरा काही जुळेना. शेवटी रिक्षा करून बँकेत गेले आणि त्या छोट्या यंत्रावर अंगठा टेकवला. पहिल्या फटक्यात हयात निघाले. अंगठा निदान कुणासारखा नाही.