१०८ सूत

आमच्या धंद्यातलं पत्र्याचं गणित एका ओळीचं आहे. एक चौरस मीटर, एक एमएम जाडी, वजन ७.८५ किलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कपाटं-तिजोऱ्यांचं आमचं वर्कशॉप वडिलांपासूनचं, त्यामुळे हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

डिसेंबरात भाचा बंड्या सुट्टीवर आला होता. तो मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे. गजकचा डबा मध्ये ठेवून दोन रात्री आमचा वाद रंगला: युद्धनौकेला चिलखत घालायचं तर कुठे? विषय मीच काढला. अमेरिकेच्या ‘नेवाडा’चा पट्टा, म्हणजे बाजूला पाण्याच्या रेषेपाशी लावलेलं चिलखत, साडेतेरा इंच जाड होता असं वाचलं आणि सवयीनं सूत मोजले. आठ सुतांचा इंच, म्हणजे १०८ सूत. (आई आतून म्हणाली, जपमाळेचे मणीही तेवढेच.) चौरस मीटरला सत्तावीस क्विंटलच्या आसपास. हे जहाजभर लावलं तर तोफा, इंजिन, इंधन यांच्यासाठी वजन उरतंच किती?

म्हणून कुठेतरी पातळ करणं आलंच. इंग्रजांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गात कमरेला १३ इंच ठेवले आणि टोकांकडे ६ आणि ४ इंचांवर आणले. थोडं थोडं सगळीकडे. १९१२ साली बांधायला घेतलेल्या ‘नेवाडा’त अमेरिकनांनी उलटं केलं. दारूकोठार, इंजिन, बॉयलर, तोफांचे बुरूज एवढ्यांभोवती जाडजूड पेटी, वरून चिलखती डेक, आणि नाळ-वरवंडी, म्हणजे जहाजाची पुढची-मागची टोकं, जवळजवळ उघडीच. आपल्या भाषेत सांगायचं तर बालेकिल्ला पक्का आणि माच्या सोडून दिलेल्या.

मी अमेरिकनांच्या बाजूचा, कारण इंग्रजी पद्धतीची तिजोरी मी एकदा बनवलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं हट्ट धरला की सहाही बाजूंना १० एमएमच हवं. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. नुसता पत्रा सव्वादोनशे किलोंवर गेला. माडीवर चढवली, चार पायांवर ठेवली, आणि सकाळी खालच्या खोलीच्या छतात पटियाला आरपार चीर. दगडी पटिया आहे, वाकत नाही, तडकतो. पायांखाली अँगल टाकून वजन भिंतीवर न्यायला हवं होतं. ते मला सुचलं नाही, दोष माझाच. खर्च मी भरला आणि नवी तिजोरी केली: दाराला १२, बाजूंना, वर-खाली ५, मागे भिंतीला बोल्ट मारून ४. पत्र्याचं वजन दीडशेच्या आत.

हे ऐकून बंड्या म्हणाला, “मामा, समुद्रात मागे भिंत कुठून आणणार?”

मग त्यानं रशिया-जपानची त्सुशिमाची आरमारी लढाई काढली. मे १९०५. रशियाच्या ‘ओस्ल्याब्या’ला नाळेकडच्या चिलखत नसलेल्या भागात पाण्याच्या रेषेपाशी गोळे बसले, पाणी शिरलं, ती कलंडली आणि बुडाली. तिथे चार इंच प्लेट असती तर? बिनतोड मुद्दा. मी तेवढ्यापुरता गप्प बसलो.

पण त्सुशिमाला मारामारी सुरू झाली ती सहा-सात किलोमीटरवरून, जपान्यांचे गोळे आदळताक्षणी फुटणारे. तशा गोळ्याला पातळ प्लेटही अडवते. इंग्रज-जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत, १९१६ साली, अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास गेलं. गोळा वरून उतरायला लागला, म्हणजे डेकचं महत्त्व वाढलं. आणि चिलखतभेदी गोळ्याचा फ्यूज धक्का बसल्यावर क्षणभरानं पेटतो. चार इंच प्लेट त्याला थांबवत नाही, फक्त जागं करते, आणि तो आत जाऊन फुटतो. प्लेट नसेल तर एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघून जायची शक्यता तरी असते. भोक पडेल, पाणी येईल. दोन्ही टोकं पाण्यानं भरली तरी मधल्या पेटीच्या जिवावर जहाज तरंगलं पाहिजे, एवढी पेटी लांब ठेवायची. इथेच सगळी ओढाताण: पेटी लांबवली की जाडी कमी करावी लागते.

“आणि ‘सेडलिट्झ’?” बंड्या. जर्मन जहाज, टोकांकडेही चिलखत. जटलंडला वीसहून जास्त जड गोळे आणि एक टॉर्पेडो खाल्ला, पाच हजार टनांहून जास्त पाणी पोटात घेऊन घरी पोचली.

ती वाचली त्याचं श्रेय मी नुसत्या प्लेटला देत नाही. वर्षभर आधी, जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत तिचे मागचे दोन्ही बुरूज आतून जळाले, दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर जर्मनांनी दारू हाताळायची पद्धत बदलली. जटलंडला इंग्रजांची तीन बॅटलक्रूझर, म्हणजे वेगासाठी चिलखत पातळ ठेवलेली मोठी जहाजं, फुटली. ‘इन्व्हिन्सिबल’चा पट्टा सहाच इंच, हे खरं, पण गोळे भराभर मारता यावेत म्हणून कोठारांची दारं उघडी ठेवायची आणि कॉर्डाइटच्या (तोफेच्या दारूच्या) पिशव्या बाहेर रचायच्या ही सवय आधीच लागलेली. तीन हजारांहून जास्त माणसं गेली. इंग्रजांचीच ‘लायन’ही त्याच वाटेनं जायची, बुरुजातल्या मेजर हार्वेनं मरता मरता कोठारात पाणी सोडायला लावलं म्हणून राहिली.

दाल बाजारातला तो व्यापारी १२ एमएमच्या दाराची किल्ली कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला अडकवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.

बंड्या आता परत जहाजावर आहे. इकडे एका सराफाची ऑर्डर आली आहे. माप घ्यायला गेलो तर तिजोरीची मागची भिंत शेजारच्या बंद दुकानाशी सामाईक निघाली. मागे ४ लावू की ८, अजून ठरत नाही. वजन मात्र दोन्हींचं काढून ठेवलंय.