शिंगं असलेला फराळ

आमच्या सोसायटीतल्या काकूंची एकादशी कधी चुकत नाही. त्यांच्या हातचा शिंगाड्याच्या पिठाचा शिरा मी कितीदा खाल्लाय! पण यंदा दिवाळीनंतर भंडाऱ्याहून पुण्याला परतले आणि पिशवीतले ताजे शिंगाडे त्यांच्या ओट्यावर ओतले, तर दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, "हे काय गं? खेकडे आणलेस की काय?"

हिरवे, कुठे लालसर, दोन्ही अंगांना टोकदार शिंगं. संस्कृतात 'शृंगाटक' म्हणतात ते उगाच नाही. पुण्यात मात्र शिंगाडा पुडीतून येतो, आणि पुडीत शिंगं मावत नाहीत.

आमच्याकडे तो मामा तलावांत होतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी सारावसुलीची जुनी पद्धत, १९५१ साली गेली, तलावांना मामा हे नातं तेवढं चिकटलं. पावसाळ्यात ढिवर, म्हणजे मासेमारी करणारी मंडळी, तिथे वेल लावतात. देठांत हवेचे फुगे असल्याने पानं वर तरंगतात, फळ धरतं ते पाण्याखाली. मग कार्तिकाच्या थंडीत डोंग्यात बसून, नाहीतर कंबरभर पाण्यात उभं राहून, एकेक वेल उलटा करायचा आणि शिंगं चुकवत फळ तोडायचं. सगळी एकदम तयार होत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा त्याच गार पाण्यात. उशीर झाला की पिकलेलं फळ सुटून तळाशी जातं. काही तलावांत आता शिंगाड्याआधी जलकुंभी आणि बेशरम ही तणंच जागा अडवून बसलेली असतात.

थोडे ताजे विकायचे, थोडे उकडून. काळ्या सालीचे ते वाफाळते शिंगाडे हाच आमचा शाळेबाहेरचा खाऊ. (कच्चे दातांनी सोलले की धपाटा मिळायचा. तलावातले जंतू पोटात जातात, आणि ते खरंच आहे.) पिठासाठी वाळवून, फोडून, दळायचे. ताज्या गरात शंभरातले सत्तर भाग पाणीच, त्यामुळे पोतंभर शिंगाड्याचं पीठ बघता बघता आटतं. पिठाचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी एकदा पहाटे त्या तलावात उभं करणार आहे.

ग्लुटेन नसतं म्हणून हल्ली जिमवालेही शिंगाडा विचारतात. आजी एवढंच म्हणायची, "पोटाला आधार होते."

काकूंनी एक उचलला, टोचला, बोट तोंडात घातलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "उकडलेला उपवासाला चालतो ना गं? उद्या एकादशी आहे."