शंभर काजूगर आणि काळी बोटं

मार्च लागला की आमच्याकडे चिकन-मटणाला कोणी विचारत नाही. ओले काजूगर! आज सकाळी परड्यातल्या वेंगुर्ला-४ जातीच्या काजूखाली आकडी घेऊन उभी राहिले. काजूचं गणित उलटं. बी आधी भरते, बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, मागून फुगतो. त्यामुळे उसळीसाठी बी हिरवी असतानाच काढायची, बोंडवाचा मोह सोडून.

मोजून शंभर बिया काढल्या आणि विळी मांडली. काकी ओरडल्या, "हाताक खोबऱ्याचा तेल लाव आधी, मगे रडत येव नको." लावलं, पण घाईत. बी उभी चिरली की सालीतला चीक असा बाहेर येतो की जिथे लागेल तिथली कातडी भाजते आणि काळी पडते. चाळिसाव्या बीला अंगठा चुरचुरायला लागला. काकींची शंभरी तेवढ्यात कधीच संपली असती, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

गर कोमट पाण्यात टाकले की आतली पातळ साल बोटाने सरकते. हे काम मला आवडतं. खालून दुधट, वाकडा, गुळगुळीत गर निघतो. पाच पोटात गेले, पंच्याण्णव टोपात.

कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, मालवणी मसाला, दोन आमसुलं. बटाटा घालायचा नाही. तो पाहुणे जास्त झाले तर!

बाजारात शेकड्याचा भाव ऐकून मीही दरवर्षी कुरकुरते. आज अंगठ्याला तेल चोळत बसलेय. फोटो काढायच्या आत टोप रिकामा झाला, तेव्हा मागू नका.